दोन पायांचे दोन नंबर

मापताईला खरं नाव आहे, पण ते लागतं फक्त बँकेत. बाकी सगळ्या गल्लीत, आणि तिने विकलेले बूट चालत चालत जिथवर गेले तिथवर, ती मापताईच. तिच्या दुकानात पाऊल टाकलं की 'काय दाखवू?' असा प्रश्न येत नाही. 'या, माप घेऊ,' असं येतं. गिऱ्हाईक घाईत असलं तर म्हणतं, "अहो, माप कशाला? आठ नंबर. वीस वर्षं आठच घालतोय."

"तुम्ही आठ म्हणताय," मापताई जमिनीवर कागद अंथरत म्हणते, "पाय काय म्हणतोय ते बघू."

आणि पाय बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी म्हणत असतो.

माप घ्यायची पद्धत वडिलांची. तपकिरी कागदावर गिऱ्हाइकाने उभं राहायचं, बसायचं नाही. कारण बसलेल्या माणसाचा पाय खोटं बोलतो. अंगाचं वजन पडलं की चवडा पसरतो, कमान खाली येते आणि पाय लांबीलाही चार-पाच मिलिमीटर वाढतो. एका नंबरात आणि पुढच्या नंबरात अंतर असतं जेमतेम आठ मिलिमीटरचं, म्हणजे अर्धा नंबर तिथेच हरवला. पेन्सिल ताठ उभी धरायची. आत कलली तर पाय बारीक निघतो, बाहेर कलली तर जाडा. आणि माप दोन्ही पायांचं घ्यायचं. बहुतेक दुकानदार एक पाय मापतात आणि दुसऱ्यावर विश्वास टाकतात. "का? दुसऱ्या पायाने कुणाचं घोडं मारलंय?" असं वडील विचारायचे.

दोन्ही पाय मापायचा हा हट्ट त्यांना धाकटीमुळे लागला.

धाकटी म्हणजे मापताईची बहीण, आठ वर्षांनी लहान. पाच वर्षांची असताना ती एका तापात महिनाभर पडून होती. ताप गेला, पण जाताना उजवा पाय थोडा घेऊन गेला. तो बारीक राहिला, आखूड राहिला, आणि वाढायचाही डाव्याच्या मागून, रेंगाळत. बापाचं बुटांचं दुकान, तरी पोरीला धड बूट नाही! डाव्याला बसेल असा जोड घेतला की उजवा खळखळ वाजायचा. मग उजव्याच्या पुढे कापूस भरायचा. एकदा ती शाळेतून आली ती बूट हातात घेऊन. उजव्या टाचेवर फोड फुटला होता आणि मोज्याला चिकटून वाळला होता. रडत नव्हती. नुसती म्हणाली, "बाबा, हा बूट माझा नाहीये."

वडिलांनी त्याच संध्याकाळी फळीवरून दोन खोकी काढली, एक मोठ्या नंबराचं, एक त्याहून दोन नंबर लहान. एकातला डावा घेतला, दुसऱ्यातला उजवा. लहान बुटात तळव्याखाली चामड्याची पट्टी चिकटवली, आखूड पायाची उंची भरून काढायला. धाकटी दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, वळली, परत आली. आणि मग पळाली.

"अहो, पण हे उरलेले दोन?" आई म्हणाली. "असे जोड मोडत बसलात तर दुकान बसेल."

"ते वाट बघतील," वडील म्हणाले. "डावा पाय लहान असलेलं कुणीतरी असेलच की या जगात."

आणि खरंच होतं. पुढच्या वर्षी एक सुतार आपल्या मुलाला घेऊन आला, डावा पाय दोन नंबर लहान असलेल्या. मग एक परिचारिका आली. मग कुणाची तरी आत्या. वरच्या फळीवर साठत गेलेले सगळेच विजोड बूट काही खपले नाहीत, पण निम्म्यांना तरी आपापला माणूस भेटला. दुकानाचं नाव झालं. तिथे जोड मोडून देतात हो, असं लोक एकमेकांना सांगायला लागले.

आता वडील म्हणजे बोलका माणूस. 'बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं,' हे त्यांचं ब्रीद. धाकटीची गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. ताप, कापूस, फोड, 'बाबा, हा बूट माझा नाहीये', आणि शेवटी ती पळाली ती. कुठे थांबायचं, कुठे चष्मा काढून पुसायचा, सगळं बसलेलं. सात वर्षांची धाकटी तेव्हा स्टुलावर बसून स्वतःच पाय पुढे करायची, हा बघा मोठा, हा बघा छोटा, आणि गिऱ्हाईक हसलं की तीही हसायची. चौदाव्या वर्षी मात्र गोष्ट सुरू झाली की ती उठून मागच्या खोलीत जायला लागली. ती अभ्यासाला जाते, असं सगळ्यांना वाटलं.

वडील गेले तेव्हा दुकान मापताईकडे आलं आणि दुकानाबरोबर गोष्टही आली. मापताईने लग्न केलं नाही. का, तर आधी धाकटीचं शिक्षण होतं, मग आईचं दुखणं होतं, आणि मग कुणी विचारायचंच थांबलं. धाकटीला तिने शिकवलं, तळहातावरच्या फोडासारखं जपलं. धाकटी गणितात हुशार. गावातल्याच शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून लागली, तेव्हा मापताईने तिच्यासाठी स्वतः चामडं निवडून काळे बूट करून घेतले. आतली पट्टी इतकी बेमालूम की धाकटी चालली तर कुणाला शंका येऊ नये. तिनेही आरशासमोर महिनाभर चालायचा सराव केला होता. शाळेत कुणालाच कळलं नाही. तीन आठवडे.

चौथ्या आठवड्यात त्या शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात चपला घ्यायला आल्या.

मापताईचा काय दोष म्हणावा? ऊर भरून आला होता तिचा. माप घेताघेता म्हणाली, "आमची धाकटी तुमच्याकडेच आहे हो," आणि तिथून गोष्ट आपोआप सुरू झाली, पाण्याने उतार धरावा तशी. मुख्याध्यापिकांचे डोळे भरून आले. बाई मनाने चांगल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकटीचे वरच्या मजल्यावरचे सगळे तास खाली आणले, वर्गात फळ्याशेजारी तिच्यासाठी गादीची खुर्ची ठेवली आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यांना जिने चढायला लावू नका."

संध्याकाळी धाकटी दुकानात आली. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत दारात उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, तू माझा पाय विकलास."

"अगं, मी कौतुकाने..."

"माहितीये. बाबाही कौतुकानेच विकायचे."

वर्षाच्या आत तिने दुसऱ्या शहरातली नोकरी धरली. तिथेच लग्न, तिथेच संसार, एक मुलगी. भांडण असं नाही. फोन यायचा, आईच्या शेवटच्या दिवसांत दीड महिना येऊन राहिली, मापताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा धावत आली. पण दुकानात पाय ठेवला नाही. घरी यायची ती मागच्या गल्लीने. तिच्या पायांत कुठलेसे लांबच्या मोठ्या दुकानातले बूट असायचे आणि ते दारात काढून ती भिंतीकडे तोंड करून ठेवायची.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मापताईला सगळ्या गावाचे पाय पाठ, पण धाकटीच्या पायांचं शेवटचं माप तिच्याकडे बावीस वर्षांपूर्वीचं. बाळंतपणानंतर बाईचा पाय पसरतो, अर्धा नंबर तरी वर जातोच. चाळिशीनंतर कमान बसते. आता तिचा डावा किती झाला असेल? साडेसहा? लहान पायाच्या तळव्याखाली पट्टी किती लागत असेल? दुपारी दुकान रिकामं असलं की ती हा हिशेब मनात मांडायची आणि पुसायची. फोनवर बोलताना सगळं विचारायची, पोरीची परीक्षा, मेहुण्यांचा रक्तदाब, स्वयंपाकघरातली गळती. एवढं सोडून.

आणि दुकान रिकामं असणं हल्ली वाढलं होतं. मोठ्या रस्त्यावर दुमजली दुकान झालं होतं, काचेचं, आत सरकते जिने. तिथे बूट भिंतीभर लावलेले; आपणच घ्यायचे, आपणच घालायचे, आपणच आरशात बघायचं. समोरच्या छत्र्या दुरुस्त करणाऱ्या काकांना राहवलं नाही. ते एकदा जाऊन आले आणि चहाचा पेला घेऊन मापताईच्या पायरीवर बसले.

"काय घेतलंत?" मापताईने विचारलं.

"छे! मी कुठला घेतोय. अर्धा तास हिंडलो. पण खरं सांगू? एकाही माणसाने मला ओळखलं नाही. सूनबाई कशी आहे, गुडघा काय म्हणतो, मुलाने फोन केला का, काही नाही! स्वर्ग गं."

"मग राहायचं तिथेच."

"राहिलो असतो, पण बसायला पायरी नाही."

मापताई हसली. पण रात्री जेवताना घास हातातच राहिला. काकांनी थट्टेत म्हटलं होतं ते थट्टेचं नव्हतं. लोक तिथे स्वस्त म्हणून जातात, असं सगळे दुकानदार म्हणत. असेलही. पण काही माणसं तिथे आणखी एका गोष्टीसाठी जात असतील, असं तिला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं. तिथे कुणी विचारत नाही. आपल्या दुकानाची जी पुंजी, म्हणजे माणूस ओळखणं, तीच कुणाला टोचतही असेल. निदान एका व्यक्तीला टोचली होती, हे तिला चांगलं माहीत होतं.

त्याच सुमाराला भाची राहायला आली. धाकटीची मुलगी, संगणकाचं शिकणारी, अभ्यासक्रमातल्या सहा महिन्यांच्या कामासाठी तिला याच गावात यायचं होतं. "तुझ्या मावशीकडेच राहा," धाकटी म्हणाली होती म्हणे. हे वाक्य मापताईने भाचीकडून तीनदा वदवून घेतलं. नेमकं कसं म्हणाली? हसून म्हणाली की सहज? भाचीला काही कळेना.

पोरगी चुणचुणीत. पहिल्याच रविवारी ती दुकानात येऊन बसली आणि दिवसभरात आलेली गिऱ्हाइकं मोजली. दोन. त्यातलं एक सुटी नाणी मागायला आलेलं.

"मावशी, असं कसं चालेल?"

"चाललंय म्हणून तर बसलेय."

"चाललेलं नाहीये. ढकलतेयस."

मग तिने कपाटं धुंडाळायला घेतली. घरोघरच्या पायांचे कागद घड्या घालून खणांत ठेवलेले, ते ती एकेक उलगडून बघायची आणि "अरे देवा, हा पाय आहे की नकाशा!" म्हणून खिदळायची. तिसऱ्या दिवशी ती मावशीसमोर येऊन बसली. तिच्या हातात कागदांचा एक वेगळा गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर दोन पाय, एक मोठा, एक छोटा, आणि खाली वर्ष, आधी आजोबांच्या अक्षरात, पुढे मावशीच्या. पाच वर्षांपासून एकविसाव्या वर्षापर्यंत. डावा पाय मोठा होत गेलेला, उजवा मागे मागे येणारा.

"ही आई आहे?"

मापताईने मान हलवली. आणि भाचीने विचारलं म्हणून तिने तिला जोड मोडण्याची गोष्ट सांगितली. खुर्चीचं आणि दुकानाच्या दारात काय झालं त्याचं ती काही बोलली नाही.

भाची उठून उभीच राहिली. "मावशी, तुला कळतंय का तुझ्याकडे काय आहे? हे सतरा कागद ओळीने लावायचे, फोटो काढायचा, खाली ही गोष्ट लिहायची आणि टाकायची सगळीकडे. त्या काचेच्या दुकानाकडे आहे असं काही? त्यांच्याकडे हजार बूट असतील, पण एक गोष्ट नाही. आठ दिवसांत रांग लागेल, लिहून घे माझ्याकडून."

मापताईला ती रांग दिसली. खरंच दिसली. पायरीपासून छत्रीकाकांच्या दुकानापर्यंत. तिला हेही ठाऊक होतं की पोरीचं म्हणणं बरोबर आहे. बोलणाऱ्याची माती विकते. दुकान आणखी असंच ढकललं तर पुढचा हिवाळा काही बघणार नाही, हेही ठाऊक होतं. तिने कागद भाचीच्या हातून घेतले, कडा जुळवल्या, घडी घातली.

"नाही."

"अगं, आईला आवडेल! सरप्राइज देऊ तिला."

"तुझ्या आईचा पाय आहे तो. दुकानाचा नाही."

हे बोलायला तिला बावीस वर्षं लागली होती, आणि ते ऐकायला धाकटी तिथे नव्हती.

भाची दोन दिवस फुरंगटली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बरं, गोष्ट नको. नुसती माहिती टाकू?" दोघींनी मिळून बसून एकच ओळ लिहिली. चार वेळा खोडली, कारण मापताईला प्रत्येक शब्द जास्त वाटायचा. शेवटी राहिलं ते एवढं: 'दोन पायांचे दोन नंबर असतील तर जोड मोडून मिळेल. कारण विचारलं जाणार नाही.' खाली पत्ता. फोटो म्हणून दुकानाचं रिकामं स्टूल.

रांग बिंग काही लागली नाही. पहिले दोन आठवडे चिटपाखरू फिरकलं नाही. छत्रीकाका म्हणाले, "कारण विचारणार नाही असं लिहिलंस, तुझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसेल." तिसऱ्या आठवड्यात एक उंच माणूस आला. तीन तासांचा बसचा प्रवास करून आलेला. आत आल्याबरोबर त्याने दुकानात आणखी कुणी आहे का ते बघितलं. मापताईच्या जिभेवर 'अपघात का हो?' आलं होतं. तिने ते गिळलं. औषधाची गोळी कोरडी गिळावी तसं, घशात टोचत खाली गेलं. ती उठली, मागच्या खोलीच्या दाराला पडदा होता तो सरकवला आणि म्हणाली, "आत या, इथे उजेड चांगला आहे."

माप घेताना ती एक अक्षर बोलली नाही. फक्त पेन्सिल कागदावर फिरल्याचा आवाज. डावा नऊ, उजवा साडेसात. तिने जोड मोडून दिला. त्या माणसाने बूट चढवले, नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या मारल्या. जाताना दारात थांबला.

"तुम्ही काही विचारलंच नाही."

"तसं लिहिलंय ना."

"लिहितात सगळेच," तो म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याच्याकडून कळून आणखी दोघं आले. मग एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी सात-आठ वर्षांची. मुलीने स्वतःच पाय पुढे केले, हा बघा मोठा, हा बघा छोटा. मापताई म्हणाली, "हं. दोन्ही छान आहेत. सरळ उभी राहा बघू."

असं करत दुकानाने हिवाळा बघितला. भरभराट म्हणावी असं काही नव्हतं. काचेच्या दुकानातली झगमग तशीच होती, आणि एक-नंबरी पायांची माणसं तिथेच जात होती. पण आठवड्याला चार-पाच जण लांबून लांबून येत, आणि मागच्या खोलीत आता एक बरी खुर्ची होती. घरी गेल्यावर मापताईला वाटायचं, हे सगळं धाकटीला सांगावं. फोन हातात घ्यायची. पण सांगायचं म्हणजे काय? बघ, मी आता गप्प बसते, हेही बोलूनच सांगायचं? फोनवर ती म्हणायची, "पोरगी जेवते नीट. काळजी करू नकोस."

सहा महिने संपले. भाचीचं सामान बरंच झालं होतं, म्हणून मापताई तिला पोचवायला गेली. धाकटीच्या घरी चार दिवस राहायचं ठरलं. दोन दिवस नुसत्या गप्पा, जुन्या शेजाऱ्यांची लग्नं, मरणं, कोण कुणाशी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचे कप विसळता विसळता धाकटी म्हणाली, "मला बूट घ्यायचेत. येतेस?"

मापताईच्या हातातला कप नळाखाली भरून वाहायला लागला.

"नको असेल तर राहू दे."

"येते की. नको कशाला!"

दुकान म्हणजे गावातल्या काचेच्या दुकानाचं मोठं भावंडच. आत थंडगार, जमीन इतकी गुळगुळीत की मापताईला आपलाच पाय घसरेल असं वाटलं. धाकटी सराईतासारखी भिंतीपाशी गेली, एकाच बुटाची दोन खोकी काढली, साडेसहा आणि साडेचार, आणि बाकावर येऊन बसली. दोन जोड घ्यायचे, एक डावा, एक उजवा वापरायचा, उरलेले टाकून द्यायचे. बावीस वर्षं असंच चाललं होतं तर. आजूबाजूला तीस-चाळीस माणसं होती. एकानेही तिच्याकडे मान वळवली नाही. धाकटीने बूट काढले, भिंतीकडे तोंड करून ठेवले नाहीत, कसेही टाकले. मापताईने हे बघितलं. इथे ती किती मोकळी बसते, तिच्या मनात आलं. आमच्याकडे ती अशी कधी बसली होती? सात वर्षांची असताना.

धाकटीने डावा बूट घातला, उभी राहिली. अंगठा पुढे टेकतोय, हे मापताईला कातड्यावर उमटलेल्या सुरकुतीवरून दिसलं. सवयीने तिचा हात खाली गेला, आणि अर्ध्या वाटेत थबकला. तो तसाच हवेत.

"दाब ना," धाकटी म्हणाली. "नुसती बघत काय बसलीस?"

मापताई बाकावरून खाली उतरली, गुडघ्यावर बसली. अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघितलं. जागा नव्हती. चवडा पसरलाय, कमान बसलीये. तिने मनात मांडलेल्या हिशेबाहून थोडा जास्तच.

"अर्धा नंबर वर."

"मला वाटलंच होतं. दोन वर्षं बोट दुखतंय."

"दोन वर्षं?" मापताईला पुढचं खूप काही म्हणायचं होतं. तिने तेवढंच म्हटलं.

धाकटी बूट उतरवत होती तेव्हा पलीकडच्या बाकावर एक बाई आली. तिशीतली, हातात एकच खोकं. तिने बूट काढले आणि इकडेतिकडे बघून, पिशवीतून कागदी रुमाल काढून त्याचा बोळा केला आणि डाव्या बुटाच्या पुढच्या टोकात ठासला. मग घालून उभी राहिली. दोन पावलं टाकली. परत बसली, आणखी एक बोळा.

मापताईचे दोन्ही हात मांडीवर होते. ते तिने एकमेकांत घट्ट गुंतवले. डावा लहान आहे, दीड नंबर तरी. पट्टीसुद्धा लागेल. एक वाक्य, एवढंच लागलं असतं. नुसता पत्ता. ती समोरच्या भिंतीवरच्या बुटांकडे बघत राहिली. बाईने खोकं बंद केलं, उठली आणि पैसे द्यायच्या रांगेकडे निघाली.

"ताई."

"हं?"

"तू काही बोलली नाहीस."

"नाही."

"तुला दिसलं ना?"

"दिसलं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. कुणी अनोळखी माणूस ओळखीचा वाटावा तसं. "फोड येतील तिला," ती म्हणाली. "आठ दिवसांत येतील. कागद सरकतो, मग सगळा भार टाचेवर जातो. मला माहितीये ना."

"मी कशी सांगू?" मापताई म्हणाली. "मला कुठे सांगता येतं नीट. मला एकाच पद्धतीने येतं."

धाकटीने त्या बाईकडे पाहिलं. रांग पुढे सरकत होती. मग ती उठली. पायांत नुसते मोजे. बूट घालायलाही थांबली नाही, आतली पट्टी नाही, आरशासमोरचा सराव नाही. उजवीकडे झुकत, सावरत, पुन्हा झुकत, त्या गुळगुळीत जमिनीवरून ती भराभर निघाली. दोघातिघांनी वळून बघितलं. ती थांबली नाही. लहानपणी दुकानभर पळायची तेव्हा ती अशी दिसायची. त्यानंतर मापताईने तिला असं चालताना पाहिलं नव्हतं.

रांगेत तिने त्या बाईच्या दंडाला हात लावला. दोघी बाजूला झाल्या. धाकटी काहीतरी सांगत होती. मध्येच तिने आपला उजवा पाय थोडा पुढे केला. बाईने खाली बघितलं, मग वर, आणि हातातलं खोकं छातीशी धरलं. धाकटी हसली. बाई नाही हसली, पण रांगेतली आपली जागा तिने सोडली.

इतक्या लांबून एक शब्द ऐकू येत नव्हता. वरून गाणं चालू होतं, माणसांचा गलका होता. मापताई बाकावर पुढे झुकून, मान लांब करून बघत राहिली. कुठून सुरुवात केली असेल तिने? तापापासून, की फोडापासून? आणि बाबा कसे होते म्हणून सांगते? आपण येतो का त्यात, आणि आलो तर कसे?

धाकटी सांगतच होती. चांगलीच लांबली होती गोष्ट. तिच्या काढून टाकलेल्या बुटांपाशी बसून मापताई नुसते तिचे ओठ हलताना बघत होती.